चक्रीभुंग्यावर पडलेला शिक्का

माझ्यापासून उदयसिंगकाकांना एक पान मिळणार होतं आणि हुस्नाबानोला एक ओळ. एवढं आधीच मांडून ठेवतो, म्हणजे शेवटी वजाबाकी सोपी जाईल.

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. जुना म्हणजे तीन पावसाळे पाहिलेला; पण लिफाफ्याचं आयुष्य टपालपेटीपासून दारापर्यंतच, त्या मानानं मी म्हातारा. अंगावर हातानं रंगवलेलं चित्र, कोपऱ्यात तिकीट आणि तिकिटावर टपालाचा शिक्का, अशा लिफाफ्यांचा संग्रह करणारी माणसं असतात. रिसोडचे उदयसिंगकाका त्यांतले. शेतकी खात्यातून निवृत्त झाले आणि ज्या किडींवर जन्मभर फवारणी सांगितली, त्यांचीच चित्रं जमवू लागले. कोळी, नाकतोडा, गांधीलमाशी, सगळे त्यांच्या फायलीत सुखानं नांदतात. खाल्लं तरी आता कुणाचं वावर खाणार?

अशा लिफाफ्यांच्या प्रदर्शनाच्या चौकटीत सोळा पानं बसतात, एका पानावर एक लिफाफा. काकांची पंधरा तयार होती. सोळाव्यावर त्यांना सोयाबीनचा चक्रीभुंगा हवा होता आणि तो काढू शकणारं माणूस एकच, पाट्या रंगवणाऱ्या मुनाफभाईंची मुलगी हुस्नाबानो. आधीची चित्रंही तिचीच. पानांखाली मात्र छापलेलं असे, ‘संग्राहक: उदयसिंग’. मुनाफभाईंनी रिसोडभर पाट्या रंगवल्या, त्यांवरही नावं दुकानदारांचीच. त्या घराचं नाव कुठंच लागलेलं नव्हतं.

या वेळी ब्रश उचलण्याआधीच हुस्नाबानो म्हणाली, "काका, पैसे राहू द्या. या पानाखाली माह्यं नाव छापा. ‘चित्र: हुस्नाबानो’. बस."

"तुह्यं नाव कोन वाचनार हाये बेटा?"

"मी वाचीन ना."

काकांनी मनात आकडेमोड केली. एका नावाला शाई ती किती लागणार! "कबूल," ते म्हणाले. "पन भुंगा असा पाह्यजे का परीक्षकाचा हात मांगं सरकला पाह्यजे."

हुस्नाबानोनं खरा भुंगा आणून काचेच्या उलट्या ग्लासखाली ठेवला. नारिंगी अंग, मागं काळसर पंख, अंगाहून लांब मिशा. याची मादी सोयाबीनच्या देठावर दोन कडी कुरतडते आणि मध्ये अंडं ठेवते. कड्यांच्या वरचा भाग मग सुकत जातो. हिरवा दिसतो काही काळ, पण मुळांकडून त्याला काही पोचत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

माझ्यावर सगळं रंगवून झाल्यावर तिनं पायांखाली बारीकशी सावली टाकली, आणि भुंगा कागदावर चित्र म्हणून राहिलाच नाही. मुनाफभाईंनी आत येऊन आधी फुंकर मारली. तो उडेना, तेव्हा म्हणाले, "मेरे बोर्ड पे तो कभी मक्खी भी नहीं बैठी, बेटा." त्या घरात याहून मोठं कौतुक होत नाही.

मला एका खेड्यातल्या टपाल कार्यालयात नेलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या जगदेवभाऊंची नोकरी अजून शाबूत आहे. गर्दी नाही, शिक्का निवांत आणि स्वच्छ पडतो, असा काकांचा विचार. शिक्का तिकिटावरच पडला पाहिजे, चित्राला लागला की लिफाफा बाद. काका हे सगळं बजावणार होते. पण मला टेबलावर ठेवून ते आधी चहा सांगायला दाराशी गेले.

जगदेवभाऊंच्या हातात शाई लावलेला शिक्का होता आणि घरी चार एकर सोयाबीन. त्यांनी खाली पाहिलं.

"हरामखोर! इथंबी आला काय!"

धप्प.

"जगदेव! काय केलं बे हे?"

"भुंगा होता ना साहेब! वावर तं खाऊनच राह्यला माह्यं, आता टेबलावर..." त्यांनी शिक्का उलटा करून तळ पाहिला. काहीच चिकटलं नव्हतं. "अन् गेला कुठी?"

तिकीट कोरं. भुंग्याच्या पाठीवर शिक्क्याची दोन कडी, एक बाहेर, एक आत. त्या क्षणापासून मला फारसं काही वाटत नाही. पुढचं सांगतो, ते नुसतं पाहिलेलं.

काकांनी मला हुस्नाबानोसमोर टाकलं. "दुसरा काढ. अन् थोडा कमी काढ."

"कमी म्हंजे?"

"चित्र वाटलं पाह्यजे. भुंगा नको वाटाले."

"तुमीच तं म्हनत होते, हात मांगं सरकला पाह्यजे!"

"परीक्षकाचा म्हनलो होतो. जगदेवचा नाही."

तिनं नव्या लिफाफ्यावर दुसरा काढला. सावली नाही, पाय पट्टीनं आखल्यासारखे सरळ. चहाला उकळी येईस्तोवर झालासुद्धा. त्याच्या तिकिटावर शिक्का अगदी देखणा पडला. काका खूश होऊन छापायचा कागद घेऊन आले.

"नाव कसं लिहू? हुस्ना वेगळं, बानो वेगळं?"

"लिहू नका."

"काहून? कबूल केलं मी."

"त्या भुंग्याले मी ओळखत नाही, काका."

प्रदर्शनात काकांना कांस्यपदक मिळालं. कुणाचा हात मागं सरकल्याचं काही कानावर आलं नाही. मी मुनाफभाईंच्या झिजलेल्या, टाकून दिलेल्या ब्रशांच्या डब्यात पडून आहे. एका कोपऱ्याला कसर लागली आहे. ती खाते ते कळतं, दुखत नाही. माझी मागची बाजू कोरी आहे. तिथं नाव लिहिता आलं असतं, पण कुणी डबा उघडला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणी मन लावून काही काढत असेल, तर एवढंच करा. आपल्या सोयीसाठी त्याला ‘थोडं कमी काढ’ म्हणू नका. कमी काढणं त्याला लगेच जमतं, आणि भीती त्याचीच आहे.

आता वजाबाकी. काकांना पान मिळालं. जगदेवभाऊंना एक किस्सा मिळाला, तो ते येईल त्याला ऐकवतात. काचेखालच्या भुंग्याला हुस्नाबानोनं खिडकीतून सोडून दिलं, त्याचंही फावलं. राहिली ती एक ओळ. ती हुस्नाबानोच्या वाट्यातून वजा झाली.