पंधरावा बिल्ड

टीममध्ये तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. उगाच नाही; बाईसाहेबांना एकदा प्रश्न पडला की घशाखाली घास उतरत नसे. आज मात्र गप्प बसण्यातच शहाणपण होतं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते चार वाजता साहेब सांगणार होते.

औषधाच्या मात्रेचे लांबलचक आकडे स्क्रीनवर मावेनात, म्हणून तिनं सामाईक कोडमधली एक ओळ बदलली होती. आता दशांशानंतर एकच आकडा उरे. त्या कोडवर अवलंबून असलेल्या चौदा प्रकल्पांचे बिल्ड आपोआप एकामागून एक सुटले. नवी बांधणी, चाचण्या, आणि सगळे हिरवे, म्हणजे पास.

“झालं की! गंगेत घोडं न्हालं,” शेजारचे काका म्हणाले. काका ऑफिसातले सगळ्यांत जुने. कोणामागून कोणाचा बिल्ड सुटायचा, ती यादी त्यांचीच.

पण हा कोड वापरतं तरी कोण कोण, म्हणून तिनं सहज शोधलं, तर पंधरा प्रकल्प निघाले.

“काका, तान्ह्या बाळांचा औषधपंप यादीत कसा नाही?”

काका चष्मा पुसू लागले. “त्याच्या चाचण्यांना पाऊण तास लागायचा गं. सगळे रांगेत खोळंबायचे. एका दिवसापुरता काढला होता.”

“कधी?”

“झाली दोन वर्षं.”

पंपाचं नवं सॉफ्टवेअर आज संध्याकाळी दवाखान्यांत जाणार होतं, तिच्या ओळीसकट. खरं तर चार वाजून गेल्यावर तपासलं असतं तरी ते थांबवता आलं असतं, आणि तोवर ती कायमही झाली असती. पण तेवढा धीर कुणाला! तीन वाजता तिनं पंपाचा बिल्ड हातानं सुरू केला.

पावणेचारला निकाल लागला. लाल. चाचणीत पाव मिलिलिटरऐवजी पंप शून्य पूर्णांक तीन सोडत होता. तिच्या नावासकट तो निरोप सगळ्यांच्या स्क्रीनवर गेला.

साहेब केबिनबाहेर आले. “हे कोणी केलं?”

“मी,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

साहेबांनी फोन करून पंपाची रवानगी थांबवली आणि ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “चारला आत या.”

“मीही येतो,” काका उठले. “लाल तिनं दाखवलं, साहेब. दोन वर्षं तुम्हाला हिरवं दाखवत होतो तो मी.”

आणि ते तिच्या आधी आत गेले.