मेपल रस्त्यावरचं बुटकं घर आणि पितळी पाटी

मी मेपल रस्त्यावरचं बुटकं घर बोलतोय. आत येण्याआधी पाय पुसा, आणि खिशात मोजपट्टी असेल तर ती बाहेर पायरीवरच ठेवा. रागावू नका. माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मला जन्मापासून मिळालाय.

मुळात माझी बांधणीच तशी. आमच्यासारख्यांना प्रेअरी पद्धतीची घरं म्हणतात. इलिनॉयच्या या सपाट माळावर आम्ही माळासारखीच आडवी, पसरट, जमीन धरून बसलेली. छपराच्या वळचणी डोळ्यांवर ओढलेल्या टोपीसारख्या पुढे आलेल्या. खिडक्या उंचावर, एका रांगेत, म्हणजे आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. आणि पुढचा दरवाजा पुढे नाहीच! तो बाजूला, विटांच्या भिंतीआड. टपालवाला नवा असला की मला दोन प्रदक्षिणा घालतो, मग शिव्या देत घंटी वाजवतो.

मला बांधलं एकोणीसशे अकरा साली, हर्मन ओटमायर नावाच्या मक्याच्या बियाण्याच्या व्यापाऱ्याने. शिकागोजवळ कुठेतरी त्याने असं एक घर पाहिलं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं. पण नावाजलेल्या वास्तुविशारदाला बोलवायचं सोडून त्याने ऑगस्ट टेलिनला गाठलं. ऑगस्ट गोठे आणि कोठारं बांधायचा. दोघं आगगाडीने जाऊन ते घर बघून आले. आत त्यांना कुणी घेतलं नाही, तेव्हा बघितलं ते बाहेरूनच. म्हणून मी वरून त्या घरासारखा दिसतो आणि आतून आहे कोठार. माझ्या माळ्यावर वर्षभराचा मका रचलात तरी माझ्या तुळया हूं की चूं करणार नाहीत.

ओटमायरने हौसेने एक गोष्ट मात्र खरी कलाकाराकडून करून घेतली. दिवाणखान्याच्या अकरा खिडक्यांना हिरव्या-पिवळ्या काचांच्या तुकड्यांची, कणसांच्या नक्षीची तावदानं. दुपारी चारला त्यांचे रंग जमिनीवर उतरायचे. ओटमायरची कुत्री त्या पिवळ्या तुकड्यावर जाऊन झोपायची.

पुढे ओटमायर गेला, एक दातांचा डॉक्टर आला, तो गेला, आणि एकोणसत्तर साली वर्ना आणि रसेल हॉगन आले. रसेल धान्याच्या गोदामावर कामाला होता, वर्ना शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मूलबाळ झालं नाही. दोघं मला जपायची, पण थंडीत माझ्या नक्षीच्या खिडक्यांतून वारा यायचा आणि रसेल रोज सकाळी त्यांच्या नावाने बोटं मोडायचा.

चौऱ्याहत्तर साली एक माणूस आला. गोड बोलणारा, हातात टोपी, खिशात मोजपट्टी. "काय सुंदर काम आहे हो! अशी नक्षी मी आयुष्यात पाहिली नाही," म्हणत तो प्रत्येक खिडकीपुढे उभा राहिला. मी फुशारलो. तासाभराने त्याने बोलणी केली: ही जुनी गळकी तावदानं मी नेतो, बदल्यात तुम्हाला नवी दुहेरी काचेची बसवून देतो, एक पैसा घेणार नाही. हॉगन दांपत्याला वाटलं, देवच पावला. दुसऱ्या दिवशी माझे अकरा डोळे ब्लँकेटांत गुंडाळून त्याच्या ट्रकमध्ये गेले. त्यांची किंमत नव्या काचांच्या कित्येक पट होती, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्या हिवाळ्यात घर खरंच ऊबदार राहिलं, हे मला नाकारता येत नाही. पण तेव्हापासून कुणी माझी स्तुती केली की मी आधी त्याचे खिसे बघतो.

मी एक नियम करून टाकला. आमच्या गावात आपला माणूस स्वयंपाकघराच्या दाराने येतो, न ठोठावता, "मी आलोय गं" असं ओरडत. पुढच्या दाराने येतात ते पाद्री, विक्रेते आणि परके. तेव्हा मागून आला तो आपला, पुढून आला त्याच्यावर नजर ठेवायची. साधा नियम होता.

टॉड मागून यायचा. टॉड म्हणजे वर्नाच्या भावाचा मुलगा. रसेल वारल्यावर तिचं म्हणावं असं तेच एक माणूस उरलं. पिओरियाला राहतो. दर शरदात शिडी लावून माझ्या पन्हळीतला मेपलचा पाला काढायचा. वर्ना आता एक्क्याऐंशीची आहे. त्याने तिला समजावलं होतं, "आत्या, तू माझ्याकडे चल. घर घ्यायला एक छान कुटुंब तयार आहे. तरुण नवराबायको, दोन मुली. तुझ्या बागेत झोपाळा टांगतील." वर्नाला ते पटलं होतं. मलाही. मुलींचा आवाज माझ्या जिन्यावर कधी घुमलाच नव्हता.

आणि गेल्या नोव्हेंबरात पुढच्या दाराची घंटी वाजली.

"बाई, ओळखलंत का? मी रोझॅन बीलेक. दहावीला तुमच्या वर्गात होते."

वर्नाने चष्मा नीट केला. "म्हणजे प्रयोगशाळेचा पडदा जाळलास, ती तूच ना?"

"जाळला डग्लसने, बाई! मी विझवला."

"विझवलास, आणि पडदा सिंकमध्ये कोंबून ते तुंबवलंस. ये आत."

रोझॅन आत आली, आणि दिवाणखान्यात पोचताच म्हणाली, "काय सुंदर घर आहे हो, बाई!" मी तिथेच ओळखलं. खिशातून मोजपट्टी निघालीच. ती गावाच्या वारसा समितीवर होती. मला 'ऐतिहासिक वास्तू' ठरवायचा प्रस्ताव तिने मांडला होता. एकदा ठरलं की समितीच्या परवानगीशिवाय मला कुणाला पाडता येणार नाही.

"आणि मला रंग कुठला लावायचा, तेही तुम्हीच सांगणार?" वर्ना म्हणाली.

"रंगाचं काही नाही, बाई. बाहेरून मोठा बदल करायचा तर विचारावं लागेल, इतकंच. आणि तुमची लेखी हरकत आली, तर प्रस्ताव तिथेच संपतो. नियमच आहे तसा." मग खिडक्यांकडे बघत तिने हळूच विचारलं, "इथे अकरा नक्षीची तावदानं होती ना? जुन्या फोटोत दिसतात."

वर्ना लाल झाली. मी मनात म्हटलं, बघा, हिला आकडासुद्धा पाठ आहे. उरलंसुरलं न्यायला आलीय. तीन आठवडे ती येत राहिली, माझ्या तुळयांचे फोटो काढत, कागदांवर काहीबाही लिहीत. मी तिच्या प्रत्येक पावलाला लाकडं करकरवली.

टॉडला हे कळलं तेव्हा तो हसला. "आत्या, ही सगळी रिकामटेकडी माणसं. घराला 'ऐतिहासिक' अशी पाटी लागली तर ते कुटुंब पळून जाईल. दोन मुली असलेल्या माणसाला कशाला हवीय समितीची कटकट?" त्याने हरकतीचं पत्र टाईप करूनच आणलं होतं. वर्नाने फक्त सही करायची होती. मंगळवारी समितीपुढे सुनावणी होती. वर्नाचं कंबरेचं हाड धड नाही, म्हणून तिला फोनवरूनच बोलायची मुभा दिली होती.

रविवारी टॉड जेवायला आला. नूडल्स आणि टूना मासा एकत्र भाजून केलेलं कॅसरोल होतं. जेवण झालं, त्याने मांडीवर थाप मारली आणि "चला, निघतो आता," म्हणून उठला. आता ज्यांना आमची माणसं ठाऊक आहेत, त्यांना कळेलच की या 'निघतो'ला काही अर्थ नसतो. आमच्याकडे निरोप अर्धा-पाऊण तास चालतो. टेबलाशी एकदा, मग दारात कोट चढवून, मग पायरीवर, मग गाडीची काच खाली करून. आणि जे बोलायचं ते माणूस जेवताना बोलत नाही, कोट घातल्यावर बोलतो.

टॉड दारात कोट घालून उभा होता. हवापाण्याचं झालं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं झालं. मग तो म्हणाला, "बरं झालं गं, गॅसवाल्यांनी मार्चची तारीख दिली. नाहीतर हे लोक उन्हाळ्यापर्यंत लटकवतात."

"कसली तारीख?"

"अगं, लाईन बंद करायची. रस्त्याजवळच्या मुख्य नळापासून."

वर्ना म्हणाली, "घर तापतं ते गॅसवर. मार्चमध्ये मुलींना थंडी नाही का वाजणार?"

टॉडच्या मानेवर लाली चढली. "ते... ते नवी लाईन बसवून घेतील. त्यांना हवी तशी."

"बरं," वर्ना म्हणाली. "हे वेगळंच आहे काहीतरी." आमच्याकडे याहून कडक बोलणं नाही. आणि मग तिने काय केलं असेल? उरलेलं कॅसरोल डब्यात भरून त्याच्या हातात दिलं! माझा नुसता संताप झाला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, असं माणसं म्हणतात. माझा एक वासा एकशेतेरा वर्षांत हललेला नाही. फिरतात ती माणसंच, आणि ज्याला मी आपला म्हटलं होतं तोच फिरला होता.

सोमवारी सकाळी वर्नाने गॅसच्या कचेरीला फोन लावला. आवाज तिचा वर्गातला होता. "मुख्य नळापासून कायमची तोडणी कधी करतात?" पलीकडचा मुलगा म्हणाला, "आजी, घर पाडायच्या आधी." तिने फोन ठेवला, आणि टॉडचं पत्र काढून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कॉफी गार झाली.

मंगळवारी टॉड आला, तिच्या शेजारी बसला. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. तिकडे रोझॅन आधी बोलली. मला वाटलं होतं, ही आता मला कुठल्यातरी थोर माणसाच्या नावावर खपवणार. पण ती म्हणाली, "हे घर कुणा प्रसिद्ध हाताचं नाही. ऑगस्ट टेलिनचं आहे. त्याने आयुष्यभर गोठे बांधले आणि एकदाच हे बांधलं. तुळयांवर तो गोठ्यांत करायचा त्याच सुतारी खुणा आहेत. असं दुसरं घर आपल्या परगण्यात नाही." ऑगस्टचं नाव मी शंभर वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिच्याबद्दल माझी चूक झाली होती, हे मला मान्य करावं लागलं. अर्धी चूक म्हणू. मोजपट्टी तिच्याजवळ अजून आहेच.

"मिसेस हॉगन, तुमची तीन मिनिटं," फोनमधून आवाज आला.

टॉडने पत्र तिच्यापुढे सरकवलं. वर्नाने ते उलटं करून ठेवलं.

"चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की उत्तर आधी लिहून मग प्रयोग करायचा नाही. माझ्यापुढे आलेलं पत्र तसं होतं. या घराच्या अकरा खिडक्या मी स्वतःच्या हाताने दिल्या, गोड बोलण्याला भुलून. रसेलला आणि मला त्याचं पुढे फार वाईट वाटलं, पण आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही. उरलेलं घर मी देणार नाही. माझी हरकत नाही. पाटी लावा."

टॉड उठला. त्याचे डोळे भरले होते. "आत्या, मी खोटं बोललो, कबूल. कुटुंब नाहीय. घर घेणारा माणूस हे पाडून इथे दोन घरं बांधणार होता. पण तू इथे एकटी, त्या जिन्यावरून पडलीस तर कोण बघणार तुला? सरळ सांगितलं असतं तर तू कधी आली असतीस का?"

"विचारून बघायचंस," वर्ना म्हणाली.

त्याने कोट उचलला आणि गेला. दारात थांबला नाही, पायरीवर थांबला नाही, गाडीची काच खाली केली नाही. असा निरोप मी या गावात पहिल्यांदाच पाहिला. वर्ना बशी हातात धरून खिडकीशी उभी राहिली, गाडी वळून दिसेनाशी झाली तरी.

पाच विरुद्ध दोन मतांनी मी ऐतिहासिक ठरलो. मार्चमध्ये एकाने माझ्या विटांत चार भोकं पाडून पितळी पाटी ठोकली. पाटीवर ऑगस्टचं नाव आहे. शनिवारी लोक रस्त्यावर उभे राहून फोटो काढतात आणि दार कुठे आहे म्हणून विचारतात. मी त्यांच्याकडे बघतो, ते माझ्याकडे बघतात. त्यांच्याबद्दल माझी अजून खात्री पटलेली नाही.

पण मुख्य गोष्ट सांगायची राहिली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्ना जिन्यावरून घसरली. सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत ती पायरीवर बसून होती, घोटा धरून. मी काय करणार? माझ्या तुळया वर्षभराचा मका पेलतात, पण तिला उचलून खुर्चीवर बसवता येत नाही त्यांना. शेवटी रोझॅन लिंबाच्या वड्या घेऊन आली आणि तिने दवाखान्यात नेलं. परत आल्यावर संध्याकाळी वर्नाने फोन उचलला, पिओरियाचा नंबर लावला, आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत तेच.

म्हणून टॉड, हे तुझ्यासाठी. जन्मभर संशय घेत आलेलं घर तुला विनवतंय. तू खोटं बोललास, ते मी विसरणार नाही. पण जिन्याचं तू खरं बोलला होतास, आणि तेव्हा मी ते ऐकून घेतलं नाही, कारण मला माझ्याच भिंतींची पडली होती. मी वाचलो आणि माझ्यापायी तिचं एकुलतं एक माणूस दुरावलं. समितीने माझ्यासाठी कागद केला, तिच्यासाठी तसा कागद कुठलीच समिती करत नाही. ती फोन करणार नाही, तुमच्या घराण्याचा ताठा तुला माहीत आहेच. तू कर. ती दुसऱ्या घंटीला उचलेल. खुर्ची तिने फोनशेजारीच आणून ठेवलीय.