हलका हात

सासऱ्यांचा हात हलका, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडतीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे कंपाउंडर. तपासायचे डॉक्टर, पण सुई टोचायचे हेच. लोक दारातून विचारायचे तेही ‘डॉक्टर आहेत का’ असं नाही, ‘कंपाउंडरकाका आहेत ना’ असं. टोचलेलं कळायचंसुद्धा नाही म्हणे. मग अंगठ्याखाली कापूस धरून असं काही गोल गोल चोळायचे, की रडणारं पोर गप्प व्हायचं. पुढे डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं आणि काका घरी बसले. घरी बसलेला कर्ता माणूस म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच विचारावं. सून भाजी चिरायला बसली तर सुरी कशी धरायची तेही ते सांगायचे.

सून कपड्यांच्या एका दुकानात दुरुस्तीचं काम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची बाही सोड. दिवसभर सुई तिच्याही हातात असायची, पण त्या सुईला घरात कोण विचारतो!

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. इथवर सगळं ठीक. तिसऱ्या आठवड्यात डावी पोटरी सुजून टणक झाली, हात लावला तर गरम. पायातल्या नसेत रक्ताची गाठ धरली होती. गोळ्या दिल्या तर उलट्या थांबेनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तीन महिने रक्त पातळ करायची इंजेक्शनं घ्यायची, रोज दोन, घरच्या घरी. औषध भरलेल्या बारीक सुया मिळतात, फक्त टोचायचं.

हॉस्पिटलात शिकवायला नर्स आली तेव्हा सासरे खाली चहा प्यायला गेले होते. नेमकं त्याच वेळी जायचं होतं त्यांना. नर्स बाई फटकळ होती, पण शिकवायची पोटतिडकीने.

“पोटावर द्यायचं. बेंबीपासून चार बोटं लांब, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हात धुवायचे. चिमटीत कातडीची घडी धरायची, सुई सरळ आत, दट्ट्या सावकाश दाबायचा, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. आत बुडबुडा दिसेल, तो काढायला जाऊ नका, औषध सांडतं. आणि हे पक्कं डोक्यात ठेवा, नंतर चोळायचं नाही. चोळलंत की कातडीखाली रक्त साकळतं.”

“आणि एखादं राहिलं तर?”

“राहू द्यायचंच नाही. राहिलंच तर फोन करायचा, मनाने दोन एकदम टोचायची नाहीत. दुखण्याच्या गोळ्याही मनाने द्यायच्या नाहीत. शौचाला काळी झाली, नाकातून रक्त आलं, तर ताबडतोब इकडे. अहो, ती गाठ तिथून सुटली आणि फुप्फुसात जाऊन बसली तर माणूस हातचा जातो. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. घड्याळ लावा.”

सुनेने नर्ससमोर एक इंजेक्शन स्वतः दिलं. नर्स म्हणाली, “शिवणकाम करता वाटतं?” सुनेला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

घरी पहिल्या सकाळी ती हात धुऊन, सुई घेऊन उभी राहिली आणि सासऱ्यांनी ती तिच्या बोटांतून अलगद काढून घेतली. सुई उभी धरली, टिचकी मारली, बुडबुडा बाहेर काढला. त्याच्यामागून औषधाचे दोन थेंबही गेले.

“बाबा, तो बुडबुडा काढायचा नाही असं नर्सने सांगितलंय.”

“हवा टोचून मारू का हिला? सूनबाई, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून टोचतोय मी.”

टोचलं मात्र खरंच छान. सासूबाईंची पापणी हलली नाही. आणि लगेच कापूस, अंगठा, गोल गोल.

“बाबा, चोळायचं नाही हो!”

“चोळल्याशिवाय औषध पसरणार कसं? का तुझी नर्स फुंकर मारते?”

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, जाऊ दे ना. कालपासून बघ कसे ताठ चालतायत.” आपलेच दात, आपलेच ओठ, त्याला कुठे चावता येणार? सासूबाईंनी तर तिला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, “करू दे त्यांना. नऊ वर्षांत कुणी त्यांना काही मागितलं नाही गं. सकाळी सातपासून हात धुऊन बसतात. माझं पोट गेलं खड्ड्यात, त्यांना बरं वाटतंय ना?” यावर सून काय बोलणार? तिने वापरलेल्या सुयांसाठी कपडे धुण्याच्या पावडरीचा जाड, झाकणाचा डबा तेवढा आणून दिला आणि गप्प बसली. ही गप्प बसण्याची खोड माणसाला कुठे नेते बघा.

चौथ्या दिवशी सासूबाईंच्या पोटावर काळेनिळे डाग दिसायला लागले. सुपारीएवढे, मग लिंबाएवढे. सून म्हणाली, चोळल्यामुळे. सासरे म्हणाले, औषध जहाल आहे. त्याच आठवड्यात शाळांचे गणवेश आले, दुकानात ढीग लागला, तिला घरी यायला नऊ वाजायला लागले. दारातच ती विचारायची, “संध्याकाळचं दिलं?”

“दिलं,” सासरे म्हणायचे. सासूबाई कूस बदलायच्या.

तेराव्या दिवशी सकाळी सासूबाई उठून बसल्या आणि त्यांना श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले, छाती धरून त्या नुसत्या बघत होत्या. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, घरातली सगळी औषधं बरोबर आणा, म्हणून सून कपाटाकडे धावली. तीस इंजेक्शनं आणलेली. बारा दिवस, रोजची दोन, म्हणजे चोवीस गेली, सहा उरायला हवी होती. खोक्यात चौदा होती. तिला वाटलं, घाईत चुकलं. पुन्हा मोजली. मग पावडरीचा डबा उपडा केला. वापरलेल्या सुया सोळा. आठ दिवसांच्या आठ संध्याकाळी कोरड्या गेल्या होत्या. तिने सुया चिमट्याने पुन्हा डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि डबा पिशवीत टाकला.

हॉस्पिटलच्या बाकावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, “आता नको बोलूस. आई वाचू दे आधी. बाबा हे सहन करू शकणार नाहीत.”

“आणि आईंचं काय?”

“डॉक्टर बघतायत ना!”

डॉक्टरीणबाई बघतच होत्या. गाठ सुटून फुप्फुसात अडकली होती. त्यांनी कॉटशी उभं राहून विचारलं, “एखादा डोस चुकला होता का?”

सासरे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क वर केला. ज्या बाईला घोटभर हवा मिळत नव्हती, तिने ती या वाक्यावर उधळली. “एकही नाही. ह्यांनी स्वतः दिलीत.”

“मग इंजेक्शनं चालू असूनही हे झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणजे औषध पुरं पडत नाही असं धरावं लागेल. डोस वाढवायचा, आणि पोटातल्या मोठ्या शिरेत गाठी अडवणारी गाळणी बसवायची का तेही ठरवावं लागेल.”

नवरा जमिनीकडे बघत होता. सुनेने त्याच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई मानेने नाही म्हणत होत्या. डोळ्यांत नुसती विनवणी. पण न चुकलेल्या औषधाला चुकीचं ठरवून या बाईच्या शिरेत गाळणी घालणार, रक्त आणखी पातळ करणार, आणि आपण डबा मांडीवर घेऊन बसणार? आग लागो त्या मानाला. तिने डबा काढून टेबलावर ठेवला.

“सोळा आहेत. चोवीस हव्या होत्या. आठ दिवस संध्याकाळचं दिलंच नाही.”

मग सासरे बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. “काळंनिळं पडत होतं हो. मला वाटलं, रक्त फारच पातळ झालं. म्हणून एक वेळ बंद केलं. तिच्याच भल्यासाठी…”

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचं पोट बघितलं. “टोचल्यावर चोळत होतात का?”

सासऱ्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. चोळल्याने डाग पडले, आणि डागांना भिऊन औषध बंद केलं. अडतीस वर्षांच्या शहाण्या माणसाला हे त्या खुर्चीत बसून एका दमात कळलं. सुनेला वाटलं होतं, हे कळताना बघून आपल्याला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

सासूबाई वाचल्या. गाळणी बसवली नाही, डोस तोच राहिला, आणि पंधरवड्यात त्या घरी आल्या. आता इंजेक्शन सून देते. त्यासाठी तिने दुकानातली संध्याकाळ सोडली. गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं, मालकाने पुन्हा बोलावलं नाही. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. हात धुवायचे, घडी धरायची, सुई सरळ आत. सासूबाई गाऊनची बटणं काढतात आणि तोंड भिंतीकडे करतात. तिच्याशी बोलणं बंद. एकदाच बोलल्या, पहिल्या दिवशी.

“मला वाचवलंस म्हणून मिरवू नकोस. त्यांना जिवंतपणी मारलंस तू.”

सासरे आता गल्लीत उभे राहत नाहीत. सकाळी सातला हात मात्र धुतात. साबण लावून, कोपरापर्यंत, आणि मग ते पुसून खिडकीशी बसतात.

आठवडाभर पोट कसं स्वच्छ होतं. जुने डाग पिवळे पडून गेले. आणि मग एका सकाळी उजव्या बाजूला नवा डाग, लिंबाएवढा. सुनेला कळेना. आपण चोळत नाही, बुडबुडा काढत नाही, दट्ट्या घाईने दाबत नाही. त्या संध्याकाळी इंजेक्शन देऊन ती डबा घेऊन बाहेर आली, झाकण विसरलं म्हणून परत वळली. दार अर्धवट उघडं होतं. सासरे कॉटच्या कडेला बसले होते. अंगठ्याखाली कापूस, आणि बायकोच्या पोटावर गोल गोल. सासूबाईंनी डोळे मिटले होते.

“आत्ता बरं वाटलं,” त्या म्हणत होत्या. “तिच्या हाताने दुखतं हो.”

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आत गेली आणि म्हणाली, “बाबा, चोळू नका.” त्यांनी हात असा ओढून घेतला, जणू विस्तवावर पडला होता. सासूबाईंनी गाऊन खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी डावीकडे डाग होता. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “डोस चुकत नाहीये ना? मग जाऊ दे.”

महिन्याने दाखवायला गेले, चौघंही. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, सूज उतरली होती. मग पोट बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पुन्हा डाग? कोण देतंय इंजेक्शन?”

“मी,” सून म्हणाली.

“चोळता का तुम्ही?”

सून तोंड उघडणार तोच सासूबाई बोलल्या. त्या पहिल्या दिवसानंतर सुनेच्या तोंडावर पहिल्यांदा बोलल्या, आणि ठणठणीत आवाजात बोलल्या. “हो ना. चोळते. सांगून सांगून थकले मी.”

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. नवऱ्याने हळूच तिच्या पायाला पाय लावला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बेंबीपासून चार बोटं लांब. चिमटीत घडी. बुडबुडा काढायचा नाही. सून मान हलवत राहिली. मांडीवर डबा होता, त्यात एकही सुई कमी नव्हती, आणि तो कुणी मागितला नाही.

“आणि चोळायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कळलं ना?”

“कळलं,” सून म्हणाली.

“नीट ऐकून घे, सूनबाई,” सासरे म्हणाले.