कोकराची गाठ

मी आबारावांच्या डोक्यावरचा लाल पटका. वय विचारू नका. परतूरच्या दुकानातून मला आणलं, तेव्हा त्यांची मोनिका पाळण्यात होती. आठ मीटर सुती कापड, कोरं करकरीत. मित्रांनो, ज्याची जागा डोक्यावर, त्याला थोडा ताठा असायचाच.

आष्टीच्या माळावर मेंढरांमागे मी पंधरा-वीस उन्हाळे काढले. नुसता मिरवलो नाही हं. माझ्यात भाकरी बांधल्या, माझ्या टोकाला डबा बांधून पाणी शेंदलं. एकदा कोकरू पडक्या विहिरीत पडलं, तेव्हा आबारावांनी आत उतरून माझ्याच टोकाने त्याला बांधलं आणि वर ओढलं. काठावरून बघणाऱ्या लहानग्या मोनिकाला ते म्हणाले, "बघून ठेव. गाठ सरकती नको. सरकली का जनावराचा जीव जातो."

पोरगी हुशार निघाली. डॉक्टर व्हायला थेट किर्गिझस्तानला निघाली. परतूर स्टेशनात गाडी शिरली आणि नेमकी तेव्हाच तिच्या बॅगेची चेन फाटली. कपडे फलाटावर! आबारावांनी मागचापुढचा विचार न करता मला डोक्यावरून सोडवलं आणि बॅगेला करकचून आवळलं. चारचौघांत उघड्या डोक्याने उभे असलेले आबाराव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. फार वाईट वाटलं. खिडकीतून ते लेकीला बजावत होते, "कॉलेज अन् हॉस्टेल, बस. डोंगराकडं भटकायचं न्हाई. परक्या मुलखाचा डोंगर आपल्याला वळखीत न्हाई. गेलीस असं कळलं, तर शिक्षण बंद. जल्दी वापस यायचं."

"न्हाई जाणार, आबा," मोनिका म्हणाली.

बिश्केकला पोचल्यावर तिने मला कपाटात कोंबलं. पण थंडी अशी कडाक्याची, की महिनाभरात मी तिच्या गळ्याभोवती आलो. मग काय, माझी चैनच झाली! तिच्या खोलीत भोकरदनची ज्योत्स्ना राहायची. तिला भटकायची भारी हौस. तिच्या नादाने आधी बाजार पाहिला. तिथले म्हातारे पांढऱ्या लोकरीच्या उंच टोप्या घालून ऐटीत बसतात. खोटं कशाला बोलू, मी जळलो. मग इसिक-कुल तळं पाहिलं, भर हिवाळ्यातही न गोठणारं. घरी मात्र मोनिका फोनवर सांगायची, "लायब्ररीत होते." मी त्या लायब्ररीचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये दोघी डोंगरात गेल्या. घळीच्या काठावर ज्योत्स्ना फोटोसाठी दोन पावलं मागे सरकली आणि पायाखालचा बर्फ खचला. किंकाळीसुद्धा अर्धीच ऐकू आली. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली एका अरुंद खडकावर ती अडकली होती. तिच्याखाली ओढा घोंघावत होता. मोबाइलला रेंज नाही. हाका मारून मोनिकाचा घसा बसला, पण आसपास चिटपाखरू नव्हतं.

तिने मला गळ्यातून सोडवलं. पीळ घातला, एक टोक काठापासून मागे असलेल्या झाडाला बांधलं, दुसऱ्या टोकाला मोठा फेर करून गाठ मारली आणि खाली सोडलं. ज्योत्स्नाच्या बोटांना मी वीतभर कमी पडलो. वीतभर! माझी मलाच लाज वाटली.

मोनिकाने मला झाडावरून सोडवून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि काठाशीच्या खडकाला पाय रोवून ती आडवी झाली. आता ज्योत्स्ना गेली, तर मोनिकाही जाणार होती. आणि आष्टीत सगळे समजणार, लेक लायब्ररीत आहे.

"काखेत अडकव! मी ओढते!"

ज्योत्स्ना इंच इंच वर चढू लागली. खडकाच्या धारेवर मी घासलो. चर्र! हातभर फाटलो. 'आणखी फाटलास तर बघ,' मी मलाच दटावलं. पण गाठ सरकली नाही. ज्योत्स्ना वर आली आणि दोघी बर्फात पडून हमसून हमसून रडल्या.

"घरी नको सांगू," ज्योत्स्ना म्हणाली.

सुट्टीत मोनिका आष्टीला आल्यावर तिच्या आईने, गोपिकाबाईंनी, मला उलगडलं. "अगं बाई, येवढा फाटला! मशीनीत अडकला असंल, न्हाई का?"

नुसती मान हलवली असती, तर सुटली असती पोरगी. आबाराव समोरच बसले होते. वर्षभर त्यांनी टोपीवर भागवलं होतं, दुसरा पटका घेतला नव्हता.

"न्हाई. आबा, मी डोंगरात गेल्ते. फोनवर खोटं बोलत राह्यले." मग तिने सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही.

आबारावांनी मला हातात घेतलं. चिरेवरून अंगठा फिरवत राहिले. झालं, शिक्षण संपलं पोरीचं, असंच मला वाटलं.

शेवटी ते म्हणाले, "गाठ कोणती मारली?"

"कोकराची. सरकली न्हाई."

"बराबर." त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा खोटं बोलू नको. जायचं तिथं सांगून जा. अन् डोंगरात जाताना दोर घेऊन जा. पटका वीतभर कमी पडतो."

त्यांनी मला डोक्याला गुंडाळलं.

"अहो, फाटकी बाजू आत घ्या की," गोपिकाबाई म्हणाल्या. आबारावांनी ऐकलं नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं शेवटी सांगायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. माझं मागणं एवढंच, की मला कोणी रफू करू नका. आष्टीच्या बाजारात कोणी हटकतं, "आबाराव, पटका फाटला की!" तेव्हा ते मान ताठ करून सांगतात, "माझ्या लेकीनं फाडलाय."