डाव्या हातातलं वजन

त्या बुधवारी अनुसया सिस्टरचा डावा हात कोपरात वाकला तो वाकलाच, आणि त्यात कुणी नसताना वजन होतं. नुकतं जन्मलेलं मूल असतं तेवढं. सारी नोकरी मुलं झेलण्यात गेलेली बाई. वजन कळायला तिला काटा लागत नव्हता.

कारणही तिला ठाऊक होतं. ग्रामीण रुग्णालयातली रीत अशी, की मूल बाहेर आलं की सिस्टरने ते आईसमोर धरायचं आणि म्हणायचं, "बघा बाई, काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा." पुढे मूल बदलल्याची भांडणं नकोत, म्हणून. त्या बुधवारी बाळंत झालेल्या रेणुकाचं बाळ रडलं नाही. पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, डॉक्टर मॅडमनी नाकातोंडावर रबरी पिशवी दाबदाबून हवा भरली. बाळ काही रडलं नाही. मग अनुसयाने ते डाव्या हातावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बघून काय करणार बिचारी, असं तिला वाटलं. पाठीमागून रेणुका विचारत होती, "काय झालं? सिस्टर, काय झालं?" बाळ कापडात गुंडाळून सासरच्यांच्या हवाली झालं. हात तेवढा तसाच राहिला.

मॅडमनी हाताचा एक्स-रे फोटो काढला. त्यात कोपराच्या हाडाशेजारी बारीक बरगड्यांची एक ओळ दिसत होती.

"हाड शाबूत आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "मलम लावा."

लोकांनीही फारसं मनावर घेतलं नाही. सरकारी दवाखान्यात कशाचंच नवल टिकत नाही. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "सिस्टर, ऊन लागंल, डोकं झाका." ती वाकलेल्या हातावर रुमाल पसरायची. घरी नवरा, पुंडलिक, डाव्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही. भाकऱ्याही तोच थापायचा, जाड्याभरड्या, कडा चिरलेल्या.

"वजन वाढलंय का?" त्याने एकदा जेवताना विचारलं.

"वाढतंय," ती म्हणाली, आणि ताट सारून हमसून हमसून रडली. एवढी मुलं झेलली, पण कुणासाठी रडायला तिला कधी सुट्टी मिळाली नव्हती.

शिवाय ती भिंत. जिच्याकडे तिने तोंड फिरवलं होतं, ती रोज थोडी पुढे सरकत होती. आधी कपाट बाहेर काढावं लागलं, मग स्टूल. केराबाई मावशी फरशी पुसता पुसता करवादायची, "आता पाठ फिरवायला बी जागा ऱ्हाईली न्हाई बघा."

पुढच्या बुधवारी टेबलावर एक नवी पोरगी कळा देत होती. मॅडम कॅम्पला गेलेल्या. भिंत टेबलाला येऊन टेकलेली. मावशीने अनुसयाच्या उजव्या हातात हातमोजा चढवला. मूल झेलायला दोन हात लागतात, एक डोक्याखाली आणि एक अंगाखाली. ओलं मूल मासोळीसारखं निसटतं. अनुसयाला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात दारात रेणुका आली. टाके काढायला आली होती. पोलक्यावर दुधाचे ओले डाग होते.

"सिस्टर, मला इचारलंच न्हाई तुम्ही."

"काय?"

"समद्या बायांना इचारता ते."

अनुसया पाठ फिरवायला गेली. भिंत आडवी आली. मग तिने वाकलेला हात पुढे केला.

"बघा बाई," ती म्हणाली. "काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा."

रेणुका वाकली. बघतच राहिली. तिने बोटाने काहीतरी बाजूला सारलं, कपाळावरचं जावळ असावं.

"मुलगी," ती म्हणाली. "नाक माझंच हाय." मग तिने दोन्ही हात पसरले. "द्या."

अनुसया देणारच होती. आठवडाभर तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. हात कोपरात सैल पडू लागला, वजन हळूच सरकलं.

"सिस्टर, डोकं आलं!" टेबलापाशी मावशी ओरडली. "हात लावा, हात!"

अनुसयाचा मोकळा उजवा हात झटकन पुढे झाला, आणि टेबलाकडे न जाता डाव्या हातातून कलंडणाऱ्या त्या डोक्याखाली गेला.