दाण्यावरचा पहिला घाव

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत चुडामण मास्तरांच्या दाराची कडी सहसा कोणी वाजवत नसे. शाळेत रसायन शिकवणारा हा माणूस बायको गेल्यापासून परसातल्या भट्टीशीच काय ते बोलायचा. मास्तर सोनं करतात, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. बिचाऱ्यांनी दोघा-चौघांना समजावून पाहिलं, की बाबांनो, सोनं नव्हे, व्हॅनेडियम. मग तर लोकांची खात्रीच पटली.

काम सांगायला सोपं होतं. व्हॅनेडियमची पिवळट-तांबूस भुकटी आणि कॅल्शियमचा कीस लोखंडी नळीत ठासायचा, तोंड घट्ट बंद करायचं, नळी लालभडक तापवायची. कॅल्शियम भुकटीतला ऑक्सिजन ओढून घेतो, मागे धातू उरतो. पण तापलेल्या धातूला हवा लागली की तो ठिसूळ होतो. शुद्ध दाणा हातोडीखाली चपटा होतो, नासलेला फुटतो. अकरा वर्षांत मास्तरांचे सगळे दाणे खडीसाखरेसारखे फुटले होते. एक तरी दाणा चपटा होताना डोळ्यांनी पाहायचा, एवढीच इच्छा उरली होती.

१९४० साली लढाईमुळे जर्मनीचं कॅल्शियम यायचं बंद झालं. शेवटच्या बाटलीत एका खेपेपुरतं होतं. मास्तरांनी नळी तापवली आणि ती पार थंड होईपर्यंत दोन दिवस तिला हात लावला नाही. आतला गाळ धुतल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा एकच चकचकीत दाणा हाती आला.

तो एकट्याने ठोकायचा त्यांना धीर होईना. खरं तर सगळं एकट्यानेच बघायचा त्यांना वीट आला होता. त्यांनी शेजारच्या रतिलाल सोनाराला बोलावलं. तो ऐरण, हातोडी, फुंकणी, शेगडी असा सगळा संसार घेऊन आला. कितीतरी दिवसांनी घरात माणूस आलं होतं! मास्तर हरखले. ‘‘बस, आधी चहा टाकतो,’’ म्हणून आत गेले. दुसऱ्या कपावर बोटभर धूळ होती, ती धुण्यात वेळ गेला.

चहा घेऊन बाहेर येतात तो दाणा निखाऱ्यावर लाल झालेला आणि रतिलाल गाल फुगवून फुंकतोय. ‘‘अरे!’’ म्हणेपर्यंत दाणा ऐरणीवर गेला, हातोडी पडली. दाण्याचे तीन तुकडे झाले.

रतिलाल कावराबावरा झाला. ‘‘पहिला घावले मस्त दबना व्हता, भाऊ. थंडाच व्हता, तडा बी नही पडना. म्हनीसन जरा ताव दिधा, सोनंचांदीले देतस तसा. मना हात चुकना का?’’

मास्तरांनी कप खाली ठेवले. थंड असताना दबला होता. म्हणजे दाणा शुद्ध होता. अकरा वर्षांनी जमलं होतं, आणि तेवढ्यात आपण आत कप धूत होतो. तुझ्या तावानेच नासला, हे ओठांवर आलं होतं. पण ते बोललो तर हा पुन्हा या दारात यायचा नाही, हेही त्यांना कळत होतं.

‘‘नाही रे,’’ ते म्हणाले. ‘‘धातूच कच्चा होता. चहा घे.’’

रतिलालने हायसं वाटून बशीत चहा ओतला. मास्तर त्याच्या अगदी जवळ सरकून बसले.

‘‘रतिलाल, पहिल्या घावाला कसा दबला?’’

‘‘चोखी चांदी दबस ना, तसाच, भाऊ.’’

‘‘पुन्हा सांग,’’ मास्तर म्हणाले.