तिसऱ्या दिवशी धुतलेली बशी

त्या काळी आमच्या जंतुतपासणीच्या खोलीत काचेच्या बश्या मोजक्याच होत्या. रुग्णाचा बेडका बशीतल्या जंतू वाढवणाऱ्या थरावर पसरायचा, बशी उबेच्या कपाटात ठेवायची आणि तिसऱ्या सकाळपर्यंत काही उगवलं नाही, तर वहीत ‘वाढ नाही’ लिहून ती धुवायला द्यायची. लिहायचे मीच. अक्षर वळणदार होतं माझं.

एका माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीची किडनी बसवली होती. तीन महिने ठणठणीत होता, मग ताप आणि खोकला. ताई रोज आमच्या खिडकीशी यायची. “उगवलं का हो काही?” जणू बी पेरलंय. पहिली बशी मी नेमाने तिसऱ्या दिवशी धुवायला दिली. आठवड्याने दुसरा नमुना आला. त्याचंही तेच झालं असतं. पण बश्या धुणाऱ्या मावशी आजारी पडल्या आणि बशी कपाटातच राहिली.

सहाव्या दिवशी मावशी आल्या. कपाट उघडून म्हणाल्या, “बाई, हिला तळघरातल्या मातीचा वास येतोय.”

“तापाने तुमचं नाक बिघडलंय, मावशी.”

“नाक शाबूत आहे. तुम्ही चष्मा पुसा.”

पुसला. चुन्याच्या कणांसारखे कोरडे, पांढरे ठिपके होते. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. मातीतला जंतू. धडधाकट माणसाच्या तो सहसा वाटेला जात नाही. पण दुसऱ्याची किडनी अंगी लागावी म्हणून औषधांनी ज्याची रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी केलेली असते, त्याच्या छातीत घर करतो. दुपारीच औषध बदललं. तोवर जंतू मेंदूपर्यंत पोचला होता. चौथ्या दिवशी माणूस गेला.

ताई नंतर एकदाच आली.

“भावजय म्हणते, माझीच किडनी नासकी होती. खरं काय ते सांगा.”

“किडनी शेवटपर्यंत चालत होती, ताई. हा जंतू बाहेरचा, मातीतला.”

तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही शोधलंत म्हणून निदान कळलं तरी. उपकार झाले.”

पहिल्या बशीचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुढे किडनीवाल्यांच्या बश्या मी तीन-तीन आठवडे ठेवू लागले. बश्या पुरत नाहीत म्हणून मावशी कुरकुरायच्या. आता त्याही नाहीत, ताईही नसेल. वही मात्र कुठल्याशा फडताळात असेल, आणि तिच्यात माझ्या वळणदार अक्षरात: वाढ नाही.